दसऱ्याच्या सुट्टीतली दिवाळी

आदिलाबादेत शाळेची मोठी सुट्टी दसऱ्याला लागते. २०२५ साली ती २१ सप्टेंबरपासून ३ ऑक्टोबरपर्यंत होती, चांगली तेरा दिवस. मग शाळा पुन्हा भरते, वह्या-पुस्तकांचा राबता सुरू होतो, आणि दिवाळी येते तेव्हा सुट्टी मिळते जेमतेम एका दिवसाची. पैनगंगेच्या पलीकडे, माझ्या माहेरी पांढरकवड्याला, नेमकं उलटं. तिथे दसऱ्याचा एक दिवस आणि दिवाळीला भरघोस सुट्टी. दोन्ही काठांवर माती तीच काळी, पीक तेच कापसाचं, घराघरांतली बोलीही बरीचशी तीच. मुलांच्या सुट्ट्या तेवढ्या जुळत नाहीत.

मला दोन मुलं. थोरली तिसरीत आहे, धाकटा चार वर्षांचा. मी नोकरी करते आणि नवरा एका जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. कापसाचा हंगाम आणि सणांचा हंगाम एकच, त्यामुळे दसरा ते दिवाळी या काळात तो घरी फक्त झोपायला येतो असं म्हटलं तरी चालेल. माझा भाऊ दरवर्षी म्हणतो, ‘‘ताई, दिवाळीला पोरांना इकडं पाठव. चार दिवस शाळा बुडाली तं काय होते? खरी दिवाळी पाहू दे त्यायले.’’ तो प्रेमानंच म्हणतो. पण माझ्या मुलांची खरी दिवाळी आदिलाबादेतच आहे, आणि ती आम्ही दसऱ्याच्या सुट्टीत तयार करतो, असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

सुट्ट्यांची ही फाळणी तशी जुनी नाही. निजामाच्या राज्यात किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा ते तालुके मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात. एकाच जिल्ह्यातली भावंडं दोन राज्यांच्या शाळांत शिकू लागली. पुढे २०१४ साली तेलंगणा झालं. २०१६ साली या मोठ्या जिल्ह्याचे चार झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमराम भीम आसिफाबाद. तो दिवसही दसऱ्याचाच होता, ११ ऑक्टोबर. सासऱ्यांना हे अजून खटकतं. सीमोल्लंघनाच्या दिवशी नव्या सीमा आखल्या, म्हणतात.

तेरा दिवस सुट्टी मुलांना असते, आईबापांना नसते. म्हणून भाद्रपद अमावस्येच्या आदल्या दिवशी माझी आई पांढरकवड्याहून एसटीनं येते. तिच्या पिशवीत बदलायची दोन लुगडी, गुडघ्याचं तेल आणि जुन्या तांदळाची पुरचुंडी असते. तांदूळ अनारशांसाठी. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी ते भिजत पडतात. तीन दिवस रोज पाणी बदलायचं हे काम थोरलीचं. चौथ्या दिवशी ते उपसून कपड्यावर सावलीत पसरायचे, जरा ओलसर असतानाच दळायचे, आणि चाळलेल्या पिठात किसलेला गूळ कालवून त्याचे मुटके डब्यात दाबून ठेवायचे. ते पीठ मुरलं की अनारसा जाळीदार होतो, आणि ते टिकतंही चांगलं. दिवाळीच्या आठवड्यात मला ऑफिसातून येऊन फक्त खसखशीवर थापायचे आणि तुपात सोडायचे एवढंच राहतं. नोकरी करणाऱ्या बाईसाठी याहून शहाणा पदार्थ कुणी शोधला नसेल. शेजारच्या अक्कांचे अरिसेलूही भिजल्या तांदळाच्या पिठाचे आणि गुळाचेच, फक्त त्या गुळाचा पाक करतात. आई आणि अक्का या एका मुद्द्यावर तासन्‌तास बोलू शकतात. आईला तेलुगू येत नाही, अक्कांना मराठी अर्धी येते. हातवारे आणि हिंदी मिळून काम भागतं.

त्याच अमावस्येला बतुकम्मा सुरू होते. अष्टमीला सद्दुलांची मोठी बतुकम्मा होईपर्यंत आमच्या गल्लीतल्या बायका रोज संध्याकाळी फुलांचे निमुळते मनोरे रचून मध्ये ठेवतात आणि त्यांच्याभोवती टाळ्या देत, गात फेर धरतात. मुलं दिवसभर अक्कांच्या ओसरीवर असतात, त्यामुळे तयारी सगळी त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पितळी परातीत आधी भोपळ्याची पानं अंथरतात. त्यावर फुलांचे थर गोल गोल चढत जातात. झेंडू, शेवंती, तरवडाची पिवळी फुलं, आणि सगळ्यांत जास्त गुनुगू. गुनुग्याचे तुरे सारख्या लांबीचे कापून जुडग्या बांधतात, काहींची टोकं रंगात बुडवतात. सगळ्यांत वर हळदीची गौरम्मा.

आई पहिल्यांदा हे पाहायला बसली तेव्हा तिनं एक तुरा उचलून उलटासुलटा केला आणि म्हणाली, ‘‘अवो माय, हे तं कुरडू! आमच्या वावरातलं तण!’’ खरंच कुरडू होतं. कोवळं असताना पावसाळ्यात त्याची भाजी करायची, आणि फुलावर आलं की निंदून बांधावर फेकायचं. माझं सगळं लहानपण कुरडू उपटणाऱ्या बायांच्या रांगा पाहण्यात गेलं. तरवडही तसाच, रस्त्याकडेला आपोआप वाढणारा. तेलंगणानं त्याला राज्याचं फूल केलं आहे. नदीच्या एका काठावर खुरप्याखाली येणारं रोप दुसऱ्या काठावर देवीच्या अंगाखांद्यावर चढतं, हे माझ्या आईला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं आणि माझ्या मुलीला पाचव्या वर्षी. आई त्या दिवसापासून अक्कांच्या शेजारी पाट घेऊन बसते. तिच्या जुडग्या अक्कांच्या जुडग्यांपेक्षा घट्ट असतात, आणि हे अक्का स्वतः सगळ्यांना सांगतात.

आईला फेर नवा नव्हता. वऱ्हाडात भुलाबाई असते. भुलाबाई-भुलोजींच्या मूर्ती, ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, मुलींची गाणी, आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. तेलुगू गाण्यांचा अर्थ तिला लागत नसे, पण टाळी कुठे पडणार हे बरोबर कळे. आता थोरली अक्कांबरोबर बतुकम्मा खेळते आणि घरी आल्यावर आजीकडून भुलाबाईची गाणी शिकते. दोन्ही तिला पाठ आहेत. कधी कधी एकीची चाल दुसरीला लावते, आणि मी तिला टोकत नाही.

सुट्टीत एक दिवस आम्ही बेल्याकडे, सासऱ्यांच्या शेतावर जातो. कापूस फुटू लागलेला असतो. पहिली वेचणी करण्याआधी सीतादही करायचं असतं. सासूबाई पाच झाडांपाशी हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, थोडा भात चहूकडे उधळतात आणि मग पहिली बोंडं वेचतात. मुलांनाही वेचू देतात. बोंड वेचणं दिसतं तितकं सोपं नाही. बोंडाच्या पाकळ्या वाळल्या की त्यांची टोकं टोचतात आणि लहान बोटांना लगेच ओरखडे येतात. धाकट्यानं गेल्या दसऱ्याला पहिल्यांदा एक बोंड धड वेचलं, म्हणजे पाचही पाकळ्यांतला कापूस एका ओढीत, काडीकचरा न लावता बाहेर काढला. त्यानं तो वडिलांना दाखवला. नवऱ्यानं सवयीनं मुठीत दाबून पाहिला आणि म्हणाला, ‘‘ओला आहे रे.’’ सरकारी खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, बाराच्या वर कापूस घेतच नाहीत, आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस झाला की याच चार टक्क्यांत शेतकऱ्याची सगळी दिवाळी अडकते. मुलाला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. त्यानं तो कापूस बनियनच्या आत ठेवला, वाळवायला.

तो पहिला कापूस आम्ही विकत नाही. पिशवीभर घरी आणतो आणि दोन-तीन दिवस गच्चीवर उन्हात टाकतो. मग दुपारी आजी दोघांना घेऊन बसते. सरकी बोटांनी सोडवायची असते. बी धरून तिच्याभोवतीचा कापूस हलके हलके ओढायचा, तंतू तुटू द्यायचे नाहीत. थोरलीला जमतं. धाकटा सरकी मोजतो आणि वाटीत टाकतो. बाहेर बांधलेल्या गाईला ती द्यायची हे त्याचं काम. सोडवलेला कापूस आजी पिंजते, चिमूट घेते, तळहाताला किंचित राख लावते आणि वात वळते. समईच्या लांब वाती वेगळ्या, पणतीच्या आखूड वेगळ्या, तुपाच्या निरांजनाच्या फुलवाती वेगळ्या. फुलवातीचं शेंडीसारखं टोक दुधाच्या बोटानं पिळून उभं करायचं. थोरलीच्या फुलवाती अजून एका बाजूला कलतात, तरी आजी त्याच आधी वापरते.

वाती बाजारात दहा-वीस रुपयांना मिळतात. पण ज्या मुलांनी वातीचा कापूस झाडावरून काढला, उन्हात राखला, चिमण्या टिपायला आल्या तर हुसकल्या, त्या मुलांना लक्ष्मीपूजन म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाप दिवाळीत घरी का नसतो, हेही समजावावं लागत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या कापसाच्या गाड्या, झुडपांना अडकून राहिलेले पुंजके, बापाच्या केसांत आणि भुवयांत अडकलेले तंतू, हे सगळं त्यांना वातीशी जोडता येतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी इथे जम्मीची, म्हणजे शमीची पूजा होते आणि तिचीच पानं सोनं म्हणून देतात. आमच्याकडे आपटा. बेल्याच्या बांधावर आपट्याचं एक जुनं झाड आहे, त्याची डहाळी आम्ही घेऊन येतो. थोरलीनं स्वतःच ठरवून टाकलं आहे: अक्कांच्या घरी आपटा द्यायचा आणि आजीला जम्मी. तिचं म्हणणं असं की ज्यांच्याकडे जे नाही ते द्यावं. अक्का तिला जवळ घेतात, आपट्याचं जोडपान डोळ्यांना लावतात आणि देव्हाऱ्यात ठेवतात. आजीनं तिला मिळालेली जम्मी पोथीत घातली आहे. धाकट्याला सोनं कुणाला द्यायचंच नसतं. दोन्ही मुठी घट्ट मिटून तो घरभर फिरतो, आणि नमस्कार करायलाही मुठी उघडत नाही.

शाळा सुरू झाली की लगेच कोजागिरी येते. आमच्यात त्या रात्री आश्विनी करतात, घरातल्या पहिल्या अपत्याला पाटावर बसवून ओवाळतात. दूध चंद्राखाली ठेवायचं, नवे कपडे, कपाळी कुंकू, आणि पहिलं अपत्य म्हणून तिचा मान. दोन मुलांच्या घरात हा मोठा अवघड प्रसंग असतो. धाकटा म्हणाला, ‘‘मी पण पहिला.’’ मग रडला. आई म्हणाली, ‘‘काहून रडून राह्यला बा? बस तिच्या मांडीवर.’’ तो ताईच्या मांडीवर बसला आणि दोघांना मिळून ओवाळलं. शास्त्रात बसतं की नाही, मला माहीत नाही. ताईनं त्याला पोटाशी धरलं होतं, एवढं मी पाहिलं.

या जिल्ह्यात ती पौर्णिमा आणखी एका गोष्टीची आहे. निजामाच्या सत्तेविरुद्ध गोंड-कोलामांना घेऊन जमिनीसाठी आणि जंगलासाठी लढलेले कोमराम भीम १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात मारले गेले. त्यांची पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेलाच पाळतात, आणि दरवर्षी हजारो आदिवासी जोडेघाटला जमतात. थोरलीनं शाळेत त्यांचं चित्र काढलं होतं, घोड्यावर बसलेलं. आटीव दुधाचा पेला हातात घेऊन तिनं विचारलं, ‘‘भीमच्या घरी पण आज दूध करतात का?’’ मी तिला सांगितलं की आज तिथे लोक त्यांची आठवण काढतात. तिनं तिच्या पेल्यातलं थोडं दूध तुळशीपाशी ओतलं. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास गोंड गुड्यांमध्ये दंडारी सुरू असते. एका गावची मंडळी दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जातात, रात्रभर नाचतात, यजमान गाव जेवू घालतं. गुसाडी हे त्यातले मानकरी: डोक्यावर मोरपिसांचा केवढा तरी मोठा मुकुट, खोटी दाढी, अंगाला राख, खांद्यावरून बकऱ्याचं कातडं, हातात काठी. २०२१ साली मार्लवाईच्या कनक राजू यांना गुसाडीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या जिल्ह्याला आनंद झाला होता. उटनूरकडच्या एका गुड्यात नवऱ्याच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. २०२५च्या दिवाळीच्या आदल्या रविवारी त्यांनी बोलावलं म्हणून आम्ही मुलांना घेऊन गेलो.

ढोलांचा आवाज आधी आला आणि मग मुकुट दिसले. धाकटा वडिलांच्या मानेला घट्ट बिलगला. एक म्हातारा गुसाडी जवळ आला, वाकला आणि मुकुटाची पिसं त्याच्या पावलांवरून अलगद फिरवली. त्याला गुदगुल्या झाल्या. त्यानंतर तो खाली उतरला तो उतरलाच, परत निघेपर्यंत त्या आजोबांच्या मागे मागे फिरत राहिला. घरच्या बाईंनी आम्हाला सांगितलं की गुसाडीचं व्रत असेतोवर ते अंगाला पाणी लावत नाहीत; दंडारी संपली की वेश उतरवून मगच अंघोळ.

दुसऱ्या दिवशी, २० ऑक्टोबरला, नरकचतुर्दशी होती आणि सुट्टीही तीच. पहाटे तेल कोमट केलं, उटणं कालवलं, बंब पेटवला. आदिलाबादेत ऑक्टोबरच्या शेवटी पहाट बोचरी व्हायला लागते. थोरली पाटावर येऊन बसली. धाकटा पांघरुणातून म्हणाला, ‘‘मी गुसाडी आहे. मला पाणी लावायचं नाही.’’ आई हसून हसून दमली. मग तिनं त्याला फार गंभीरपणे विचारलं की तुझी दंडारी केव्हा संपते? तो म्हणाला, आत्ता नाचून संपवतो. पांघरूण डोक्यावर घेऊन खोलीभर नाचला, दम लागला, आणि मग पाटावर येऊन बसला. मी त्याच्या पाठीला उटणं लावत होते तेव्हा त्यानं विचारलं की त्या आजोबांना पण असंच कुणीतरी गरम पाणी देईल ना. मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी अक्कांकडे लक्ष्मीपूजन झालं. पांढरकवड्याचं कॅलेंडर पूजा २१ ला सांगत होतं. आम्ही दोन्ही दिवशी दिवे लावले. वाती पुरल्या. २१ तारखेला मी ऑफिसातून आले, थोरली शाळेतून आली, नवरा जिनिंगातून रात्री साडेनऊला आला, आणि मग पूजा झाली. तोवर धाकटा पूजेच्या चौरंगाशेजारीच झोपून गेला होता. त्याला उठवलं नाही. पाडव्याला मी अनारसे तळले. पीठ मुरलेलं होतं, जाळी छान पडली.

भाऊबीज गुरुवारी होती, म्हणजे शाळा. थोरलीनं सकाळी दप्तर पाठीला लावूनच धाकट्याला ओवाळलं आणि रिक्षात बसली. दुपारी माझा भाऊ त्याच्या दोन्ही मुलांना घेऊन आला. सोबत ‘किशोर’चा दिवाळी अंक होता, तो तो दरवर्षी आठवणीनं आणतो. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांत दिवाळीला फराळाशेजारी अंक येऊन बसला, बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. थोरलीच्या शाळेत इंग्रजी आणि तेलुगू आहे. तेलुगू तर इथे सगळ्याच शाळांत शिकावी लागते, आणि ती ती मनापासून शिकते. मराठी वाचणं मात्र तिचं घरीच चालतं. तिचे बाबा इथल्याच सरकारी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले. त्यांना जे शाळेत मिळालं ते तिला आजीच्या मांडीवर मिळतं, बोट ठेवून, एकेक ओळ.

संध्याकाळी चारही मुलं गच्चीवर होती. मामेभावानं विचारलं, ‘‘तुमाले उद्या पण शाळा? मग तुमी दिवाळी करता केव्हा?’’ थोरली त्याला बोटांवर सांगू लागली: तांदूळ भिजवले, कापूस वेचला, सरकी काढली, वाती केल्या, फुलांचा डोंगर केला, गुसाडी पाहिले. दिवाळीच्या सुमारास घडलेलं त्यात एक गुसाडीच होते. बाकी सगळं दसऱ्याच्या सुट्टीतलं. भाच्यानं बापाकडे पाहिलं आणि हट्टच धरला, पुढच्या दसऱ्याला आपण इकडे यायचं. भाऊ म्हणाला, दसऱ्याला आपल्याला एकच दिवस सुट्टी. मग स्वतःच म्हणाला, चार दिवस शाळा बुडाली तं काय होते.

अक्कांना हे सांगितलं तर त्या लगेच हिशेबाला लागल्या. चार मुलं म्हणजे एक परात पुरायची नाही, दोन लागतील, आणि फुलंही दुप्पट. मी बेल्याला फोन करून सासऱ्यांना सांगून ठेवलं आहे: यंदा निंदणीला बाया लावाल तेव्हा विहिरीकडच्या बांधावरचं कुरडू तेवढं राहू द्या.